नॉर्मन डी ब्रुइन

नॉर्मन एड्रियन डी ब्रुइन (जन्म: ८ नोव्हेंबर १९०४, मृत्यू: ७ मार्च १९९७) हे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ, वैमानिक, विमानरचनाकार आणि आसंजके, म्हणजे चिकटविणारे पदार्थ, व तंतुयुक्त संमिश्र पदार्थ या क्षेत्रांतील आद्य संशोधक होते. केंब्रिज येथे त्यांनी आपल्या हौसेने एक विमान रचले, बांधले आणि त्याचे पहिले उड्डाणही स्वतःच केले. त्या विमानाच्या जोडकामात पुढे आलेल्या प्रश्नांतून एरोलाइट हे लाकडासाठीचे आसंजक, गॉर्डन-एरोलाइट हा जवसाच्या धाग्यांचा संमिश्र पदार्थ आणि रिडक्स हे धातूसाठीचे आसंजक अशी तीन महत्त्वाची साधने विमानविद्येला मिळाली. यांपैकी शेवटची दोन उष्णता व दाब यांच्या साहाय्याने पक्की केली जात. रेझीन उष्णतेने पक्के करण्याच्या या प्रक्रियेला क्युअरिंग म्हणतात. आज कारखान्यांत तयार होणाऱ्या मोठ्या विमानांपासून हौशी मंडळी घरी बांधत असलेल्या लहान विमानांपर्यंत सर्वत्र ती वापरली जाते.

जन्म आणि शिक्षण

डी ब्रुइन यांचा जन्म चिली देशाच्या दक्षिण टोकाकडील पुन्ता अरेनास या बंदरात झाला. त्यांचे वडील डच आणि आई इंग्रज होती. त्यांचे शालेय शिक्षण इंग्लंडमधील लॅन्सिंग कॉलेजात झाले. १९२३ मध्ये त्यांनी केंब्रिज विद्यापीठाच्या ट्रिनिटी कॉलेजात प्रवेश घेतला. पदवीनंतर त्यांनी अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या नेतृत्वाखालील कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत संशोधन केले. १९२८ मध्ये ते ट्रिनिटी कॉलेजचे फेलो झाले.

त्यांच्या आरंभीच्या संशोधनाचा विषय तीव्र विद्युत क्षेत्रामुळे थंड धातूतून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा होता. धातूचे तापमान वाढविले तरी हा प्रवाह जवळजवळ बदलत नाही, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसून आले. जेथे उष्णतेचा प्रभाव पडत नाही अशा घटनेपासून ज्याच्या संशोधनाचा आरंभ झाला, त्या संशोधकाचे उर्वरित आयुष्य उष्णतेने घडणाऱ्या बदलांच्या अभ्यासात जावे, हा योगायोगच म्हणावा लागेल.

विमानाची हौस आणि स्नार्क

१९२९ च्या सुमारास डी ब्रुइन विमान चालविण्यास शिकले आणि त्यांनी डी हॅविलंड कंपनीचे मॉथ हे हलके विमान विकत घेतले. उड्डाणाच्या आवडीतून स्वतःचे विमान रचण्याची इच्छा निर्माण झाली. त्यासाठी १९३१ मध्ये त्यांनी केंब्रिज एरोप्लेन कन्स्ट्रक्शन कंपनी ही लहानशी संस्था स्थापन केली. विमानरचनेचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. भौतिकशास्त्राचा पाया मात्र पक्का होता. पुस्तके व शोधनिबंध वाचून त्यांनी बलांचे गणित आत्मसात केले.

त्या काळी हलक्या विमानांचा सांगाडा लाकडाचा असे आणि त्यावर कापड ताणून बसविलेले असे. भार सर्वस्वी सांगाडा पेलत असे. कापडाचे काम हवेला आकार देण्यापुरतेच होते. डी ब्रुइन यांनी याऐवजी भारवाही कवचाची रचना निवडली. या रचनेत विमानाचे बाह्य आवरणच सांगाड्याबरोबर भार उचलते. आवरणासाठी त्यांनी बेकेलाइटने जोडलेले प्लायवूड वापरले. बेकेलाइट हे फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांपासून बनणारे रेझीन आहे. त्याने जोडलेले प्लायवूड ओलाव्यात टिकते.

स्नार्क नावाचे हे चार आसनी, एका पंखजोडीचे विमान १३० अश्वशक्तीच्या जिप्सी मेजर इंजिनावर चालत असे. १६ डिसेंबर १९३४ रोजी डी ब्रुइन यांनी स्वतः त्याचे पहिले उड्डाण केले. पुढे जाड पंखांवरील संशोधनासाठी ते फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटकडे गेले. स्नार्कचे व्यापारी उत्पादन झाले नाही. लेडीबर्ड नावाच्या एका लहान एकआसनी विमानाचेही काम त्यांनी हाती घेतले होते. परंतु तोपर्यंत त्यांचे लक्ष दुसरीकडे वळले होते आणि ते विमान दुसऱ्या व्यक्तीने पूर्ण केले.

स्नार्कच्या बांधणीत एक गोष्ट त्यांना प्रकर्षाने जाणवली. प्रत्येक जोडाचे गणित काटेकोरपणे मांडता येत होते, पण जोड ज्या पदार्थाने धरून ठेवायचा त्या पदार्थाविषयी अचूक ज्ञान नव्हते. विमानबांधणीत तेव्हा मुख्यतः केसीनचा सरस वापरीत. तो दुधातील प्रथिनापासून तयार होतो. कोरड्या हवेत तो चांगला टिकतो; पण दीर्घकाळ ओलावा लागल्यास मऊ पडतो आणि त्यावर बुरशी वाढते. शिवाय जोडलेल्या दोन पृष्ठभागांच्या आत काय झाले आहे, हे बाहेरून पाहून कळत नाही. वैमानिकाचे प्राण अशा अदृश्य थरावर अवलंबून असतात. आसंजन ही कारागिराच्या अनुभवावर सोडण्याची बाब न राहता मोजमापाचे शास्त्र व्हावे, हे यापुढे त्यांच्या कार्याचे सूत्र राहिले.

एरो रिसर्च लिमिटेड

१९३४ मध्ये कंपनीचे नाव एरो रिसर्च लिमिटेड असे झाले आणि तिचे काम केंब्रिजजवळील डक्सफर्ड या खेड्यात सुरू झाले. विमाने बांधण्याऐवजी विमानांसाठी लागणारे पदार्थ शोधणे हा तिचा मुख्य उद्देश ठरला.

१९३७ मध्ये कंपनीने एरोलाइट हे यूरिया-फॉर्माल्डिहाइड जातीचे आसंजक तयार केले. लाकडाच्या एका पृष्ठभागावर रेझीन लावायचे, दुसऱ्यावर फॉर्मिक आम्लाचा समावेश असलेले द्रावण लावायचे आणि दोन्ही पृष्ठभाग एकत्र दाबून धरायचे, अशी त्याची पद्धत होती. दोन्ही द्रव्ये एकमेकांना भेटेपर्यंत रासायनिक क्रिया सुरू होत नसल्यामुळे कारागिराला भाग नीट जुळविण्यास अवधी मिळे. तयार झालेला जोड पाण्याने विरघळत नसे आणि त्यावर बुरशीही वाढत नसे.

एरोलाइट सामान्य तापमानातही पक्के होते, पण त्याला काही तास लागतात. हा वेळ वाचविण्यासाठी पट्टी तापविण्याची पद्धत वापरण्यात आली. जोडाच्या रेषेवर धातूची पातळ पट्टी ठेवून तिच्यातून कमी दाबाचा विद्युत प्रवाह सोडला की पट्टी तापते व खालचे आसंजक काही मिनिटांत पक्के होते. यात संपूर्ण भाग भट्टीत घालावा लागत नाही; जेथे जोड आहे तेथेच उष्णता मिळते. दुसऱ्या महायुद्धात लाकडी विमाने व ग्लायडर मोठ्या संख्येने बांधताना ही पद्धत उपयोगी ठरली.

गॉर्डन-एरोलाइट

डी हॅविलंड कंपनीने प्लास्टिकच्या प्रोपेलरची शक्यता तपासण्याचे काम डी ब्रुइन यांच्याकडे सोपविले होते. निव्वळ रेझीन विमानाच्या भागांसाठी निरुपयोगी ठरते. धातूच्या मानाने ते फार लवचीक असते आणि त्याला सहज तडा जातो. मातीच्या भिंतीला बळकटी यावी म्हणून चिखलात गवताच्या काड्या मिसळतात, त्याप्रमाणे रेझीनमध्ये मजबूत तंतू घातले तर हा दोष दूर होतो. मात्र तंतू कसेही मिसळून चालत नाही. ते भाराच्या दिशेने सरळ व ताणलेले असावे लागतात.

डी ब्रुइन यांनी जवसाच्या झाडापासून मिळणारे, न पिळलेले धागे निवडले. हे धागे फिनॉलयुक्त रेझीनमध्ये भिजवून समांतर मांडीत आणि तापविलेल्या दाबयंत्रात एकत्र दाबून पक्के करीत. अशा रीतीने तयार झालेल्या पदार्थाला गॉर्डन-एरोलाइट हे नाव मिळाले. वजनाच्या तुलनेत त्याची ताकद ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंच्या तोडीची होती. १९३७ मध्ये डी ब्रुइन यांनी विमानबांधणीतील प्लास्टिक पदार्थांविषयीचा आपला निबंध रॉयल एरोनॉटिकल सोसायटीपुढे मांडला.

या पदार्थापासून ब्लेनहाइम बाँबफेकी विमानाच्या पंखाची मुख्य तुळई प्रायोगिक स्वरूपात तयार करण्यात आली. युद्धकाळात ॲल्युमिनियमचा तुटवडा पडेल या भीतीने स्पिटफायर या लढाऊ विमानाचे धडही गॉर्डन-एरोलाइटचे बनविण्यात आले. तुटवडा मात्र अपेक्षेइतका भासला नाही आणि हे धड प्रयोगापुरतेच राहिले. तरीही तंतू व रेझीन यांच्या संमिश्र पदार्थाचा विमानाच्या मुख्य भागासाठी झालेला हा अगदी आरंभीचा वापर होता. पुढे जवसाच्या जागी काच व कार्बन यांचे तंतू आले.

मॉस्किटो आणि भारतातील अनुभव

डी हॅविलंड मॉस्किटो हे दुसऱ्या महायुद्धातील प्रसिद्ध लाकडी विमान २५ नोव्हेंबर १९४० रोजी प्रथम उडाले. बर्च लाकडाच्या दोन पातळ प्लायवूडांमध्ये हलक्या बाल्सा लाकडाचा थर, अशी त्याच्या धडाची रचना होती. प्रारंभी त्याच्या जोडकामासाठी केसीन वापरीत. नंतर एरोलाइट वापरात आले.

१९४४ च्या अखेरीस भारत व ब्रह्मदेश या भागांत कार्यरत असलेल्या काही मॉस्किटो विमानांचे पंख हवेत निकामी होऊन अपघात झाले आणि या विमानांची उड्डाणे तपासणीसाठी थांबविण्यात आली. पावसाळी उष्ण हवामानाने जोड कमकुवत झाले, असा प्रथम समज होता. चौकशीत कारखान्यातील जोडकामाच्या त्रुटींकडेही बोट दाखविण्यात आले. दोन भाग परस्परांना नीट भिडलेले नसतील, तर आसंजक कितीही चांगले असले तरी जोड टिकत नाही, हा धडा या घटनांनी दिला.

रिडक्स

लाकडाचे पृष्ठभाग सच्छिद्र असल्याने आसंजक त्यांत मुरते. धातूचे तसे नसते. म्हणून धातूची विमाने रिव्हेटांनी जोडीत. परंतु प्रत्येक रिव्हेटसाठी छिद्र पाडावे लागते आणि छिद्राभोवती ताण एकवटून कालांतराने तडे जाण्याचा संभव असतो. आसंजकाने जोडलेल्या पत्र्यांत भार संपूर्ण क्षेत्रावर पसरतो.

फिनॉलयुक्त रेझीन धातूला चांगले चिकटते, पण ते ठिसूळ असते. १९४१ मध्ये डी ब्रुइन व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय शोधला. स्वच्छ केलेल्या धातूवर प्रथम द्रवरूप फिनॉलयुक्त रेझीनचा हात द्यायचा व त्यावर पॉलिव्हिनाइल फॉर्मल या चिवट प्लास्टिकची पूड भुरभुरायची. नंतर दोन्ही भाग एकत्र ठेवून सुमारे १५० अंश सेल्सिअस तापमानात दाबाखाली पक्के करायचे. रेझीनची पकड आणि प्लास्टिकचा चिवटपणा या दोन्ही गुणांचा यात मिलाफ झाला. रिसर्च व डक्सफर्ड या दोन शब्दांच्या आद्याक्षरांवरून या आसंजकाचे नाव रिडक्स ठेवण्यात आले.

रिडक्सचा पहिला उपयोग रणगाड्यांच्या क्लचच्या चकत्यांसाठी झाला. त्यानंतर १९४४ मध्ये उडालेल्या डी हॅविलंड हॉर्नेट या लढाऊ विमानात लाकूड व धातू यांच्या जोडांसाठी ते वापरण्यात आले. १९४५ मध्ये उडालेले डव्ह, १९४९ मधील कॉमेट हे जेट प्रवासी विमान आणि १९५५ मधील फोकर एफ-२७ फ्रेंडशिप या सर्वांच्या रचनेत रिडक्सचे जोड आहेत. डव्हचे लष्करी रूप असलेले डेव्हन विमान भारतीय वायुसेनेत होते, तर इंडियन एअरलाइन्सने फ्रेंडशिप विमाने अनेक वर्षे चालविली. अशा रीतीने डक्सफर्डमधील संशोधन भारतीय आकाशातही पोहोचले.

उष्णतेने पक्के होण्याची क्रिया

प्लास्टिकचे दोन प्रमुख प्रकार आहेत. मेणाप्रमाणे तापविल्यावर मऊ व गार झाल्यावर पुन्हा घट्ट होणारे पदार्थ उष्णतामृदू होत. याउलट कच्ची वीट एकदा भाजली की पुन्हा तिचा चिखल होत नाही, त्याप्रमाणे एकदा पक्के झाल्यावर पुन्हा न वितळणारे पदार्थ उष्णतादृढ म्हणविले जातात. बेकेलाइट, एरोलाइट व इपॉक्सी ही उष्णतादृढ रेझिने आहेत. उष्णतेमुळे त्यांचे रेणू एकमेकांशी रासायनिक बंधांनी जोडले जातात व एक अखंड जाळे तयार होते.

फिनॉलयुक्त रेझीन पक्के होताना पाणी बाहेर पडते. १५० अंशांवर त्या पाण्याची वाफ होते आणि दाब नसेल तर थरात बुडबुडे राहून जोड पोकळ होतो. म्हणून उष्णतेइतकेच दाबालाही महत्त्व आहे. तापमान भागाच्या प्रत्येक ठिकाणी सारखे असणेही आवश्यक असते. जाड भाग उशिरा तापतो. त्यामुळे भट्टीतील हवेचे तापमान मोजून भागत नाही, तर प्रत्यक्ष भागाचे तापमान मोजावे लागते. उष्णता कमी पडली तर जाळे अपुरे राहते. ती घाईने दिली तर रेझीनची स्वतःची उष्णता तीत मिसळून भाग करपू शकतो. पक्का झालेला जोड बाहेरून तपासता येत नाही, म्हणून त्याच वेळी त्याच भट्टीत नमुन्याचे जोड तयार करून ते मोडून पाहण्याची शिस्त या व्यवसायात रूढ झाली.

आसंजनविषयक सिद्धान्त

जोडाची ताकद केवळ पृष्ठभागांच्या परस्परव्याप्त लांबीवर अवलंबून नसते, हे डी ब्रुइन यांनी दाखवून दिले. एकावर एक ठेवून जोडलेल्या दोन पत्र्यांत सर्वाधिक ताण जोडाच्या दोन टोकांशी असतो. त्यामुळे जोडाची लांबी दुप्पट केली तरी ताकद दुप्पट होत नाही. पत्र्याच्या जाडीचे वर्गमूळ भागिले जोडाची लांबी, असा एक गुणक त्यांनी मांडला. वेगवेगळ्या मापांच्या जोडांची तुलना करण्यासाठी तो अभियंत्यांच्या उपयोगी पडला. आसंजकाने पृष्ठभाग पूर्णपणे भिजविला पाहिजे, तसेच ध्रुवीय आसंजकाने अध्रुवीय पृष्ठभाग मजबूत जोडता येत नाहीत, हे नियमही त्यांच्या नावाशी निगडित आहेत. आर. हाउविंक यांच्यासमवेत त्यांनी संपादित केलेला आसंजन व आसंजके या विषयावरील ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी रचनेचा गाभा दोन पातळ पत्र्यांमध्ये चिकटवून हलके व ताठ फलक बनविण्याच्या कल्पनेवरही त्यांनी १९३८ पासून काम केले.

उत्तरायुष्य

युद्धानंतर एरो रिसर्च लिमिटेड ही कंपनी स्वित्झर्लंडमधील सिबा या रासायनिक उद्योगाच्या मालकीची झाली. भारतात घरोघरी परिचित असलेल्या ॲरल्डाइट या इपॉक्सी आसंजकाचे उत्पादन पुढे डक्सफर्ड येथेही होऊ लागले. डी ब्रुइन काही वर्षे कंपनीचे नेतृत्व करीत राहिले. याच काळात त्यांनी टेक्ने ही प्रयोगशाळेची उपकरणे बनविणारी संस्था उभी केली. द्रवाचे तापमान स्थिर राखणारी साधने हे तिचे एक प्रमुख उत्पादन होते. नंतर सिबापासून वेगळे होऊन ते अमेरिकेतील प्रिन्स्टन येथे स्थायिक झाले आणि टेक्नेच्या कामात रमले. १९६७ मध्ये त्यांची रॉयल सोसायटीचे सदस्य म्हणून निवड झाली. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी आत्मचरित्र लिहिले. वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हौशी विमानबांधणीतील वारसा

घरच्या गॅरेजमध्ये लाकडी विमान बांधणाऱ्या हौशी मंडळींनी कित्येक दशके एरोलाइटवर विश्वास ठेवला. १९७५ मध्ये अमेरिकन रचनाकार बर्ट रुटान यांचे व्हॅरीईझी हे विमान उडाले आणि हौशी बांधणीत काचतंतू, इपॉक्सी व फोम यांचे युग सुरू झाले. या पद्धतीत फोमला हवा तो आकार देऊन त्यावर रेझीनमध्ये भिजविलेले काचतंतूंचे कापड बसवितात. मोठे साचे किंवा दाबयंत्रे लागत नाहीत.

अशा विमानातील इपॉक्सी सामान्य तापमानात घट्ट होते, पण ते उन्हात पुरेसे ताठ राहीलच असे नाही. ज्या तापमानात रेझीन पक्के झाले असेल, त्याच्या फार वर गेल्यास ते नरम होऊ लागते. कडक उन्हात गडद रंगाचा पृष्ठभाग ७० अंशांच्याही वर तापू शकतो. म्हणून अशी विमाने बहुधा पांढरी रंगवितात आणि अनेक बांधकर्ते तयार भाग उष्णतारोधक फलकांच्या तात्पुरत्या खोलीत ठेवून गरम हवेने सावकाश तापवितात. यामुळे रेणूंचे जाळे अधिक पूर्ण होते. मात्र आतील पॉलिस्टायरीनचा फोम अधिक उष्णतेत आक्रसतो, त्यामुळे तापमानाची मर्यादा सांभाळावी लागते. भाग तापत असताना त्याला नीट आधार नसेल, तर पंखाला पडलेला पीळ कायमचा राहतो.

मोजके तापमान, पुरेसा वेळ, स्वच्छ पृष्ठभाग, नीट भिडलेले भाग आणि मोडून पाहिलेले नमुने ही पंचसूत्री आजही हौशी बांधकर्त्याचे रक्षण करते. यातील बहुतेक सूत्रांना शास्त्राचा आधार मिळवून देण्यात डी ब्रुइन यांचा मोठा वाटा आहे. स्वतःच्या हातांनी बांधलेल्या विमानात बसून उड्डाण केलेल्या या संशोधकाला, न दिसणाऱ्या जोडावर विसंबणे म्हणजे काय, याचा प्रत्यक्ष अनुभव होता.